एकशे चार पावलं

नुतेरच्या त्या गोदामात दुपारी दोननंतर कुणी पूर्ण जागं नसतं. छतातल्या फायबरच्या पत्र्यांमधून पिवळट उजेड खाली उतरतो, त्यात सुंठीची धूळ तरंगत राहते. सुंठ, कचोरा, रानहळद आणि लवंग यांचा मिळून एकच वास होतो आणि तो पापण्यांवर येऊन बसतो. नव्या लागलेल्या मुली पहिले आठ दिवस जांभया देतात. मग जांभया थांबतात. झोप तशीच राहते, हात चालू राहतात.

तपासणीच्या तीन नंबरच्या टेबलावर पोनिरा एकोणीस वर्षं याच अवस्थेत काम करत आली आहे. वय सत्तेचाळीस. इथल्या जुन्या पाच दिवसांच्या आठवड्यात पोन नावाच्या दिवशी जन्मली म्हणून पोनिरा. तिचं काम सांगायला सोपं आहे. सोलो, वोनोगिरी, पाचितानकडच्या दुकानांसाठी काढ्यांच्या बाटल्या आणि चूर्णाच्या पुड्या खोक्यात भरून येतात. पावतीप्रमाणे माल बरोबर आहे का ते बघायचं, खोकं काट्यावर ठेवायचं, चिकटपट्टी लावायची, पुढे सरकवायचं.

पोनिरा खोकं काट्यावर ठेवण्याआधी दोन्ही हातांत घेते, डोळे मिटते आणि एकदा हळूच कलवते. रानहळदीचं गोड सरबत घट्ट असतं, ते बाटलीत सरकतं. गुळवेलीचा कडू काढा पातळ, तो उसळतो. दोन्ही बाटल्या एकाच मापाच्या, आणि खोक्यात उभ्या ठेवल्या की लेबलं दिसत नाहीत. बाराही बाटल्यांच्या वजनात मिळून चार ग्रॅमचा फरक, आणि तेवढा फरक खोक्याच्या पुठ्ठ्यातच असतो, त्यामुळे काट्याला काही कळत नाही. पोनिराला कळतं. बारा बाटल्यांत एक चुकीची असली तरी कळतं. कसं, असं विचारलं तर ती म्हणते, "अर्धी झोप लागली पाहिजे. पूर्ण जागी असले की नुसता आवाज येतो."

हे तिला सामिजोने शिकवलं. सामिजो तेव्हा या टेबलावर होता. आता छप्पन्न वर्षांचा आहे आणि ढकलगाडी घेऊन मांडण्यांमधून माल काढतो. टेबलापेक्षा त्यात इन्सेंटिव्ह जास्त, म्हणून धाकट्या मुलीच्या लग्नाच्या वेळी त्याने ते काम मागून घेतलं. तो पोनिराला अजून 'न्दुक' म्हणतो, म्हणजे पोरी. ती त्याला 'पाक' म्हणते. बापाला म्हणतात तेच; साहेबालाही तोच शब्द.

इन्सेंटिव्हची नवी पद्धत आठ महिन्यांपूर्वी आली. माल काढणाऱ्याला तासाला किती ओळी काढल्या त्यावर पैसे. एक ओळ म्हणजे पावतीवरचा एक जिन्नस. तपासणाऱ्याला तासाला किती खोकी, त्यावर. आणि दर्जा सांभाळला जावा म्हणून लाल चिठ्ठी. चूक सापडली की तपासणाऱ्याने लाल चिठ्ठीवर माल काढणाऱ्याचं नाव लिहायचं, खोकं त्याच्याकडे परत पाठवायचं, आणि चिठ्ठी संध्याकाळी दारापाशी फळ्यावर टोचायची. प्रत्येक चिठ्ठीमागे इन्सेंटिव्ह कापला जाणार. कागदावर पद्धत चोख होती. सोलोच्या ऑफिसने ती बरेच दिवस खपून तयार केली होती.

लाल चिठ्ठ्यांचे गठ्ठे टेबलांच्या खणात पडून राहिले.

कुणी ठरवून असं केलं नाही. मीटिंग झाली नाही, कुजबुज झाली नाही. ज्याच्या शेजारी बसून जेवायचं, ज्याच्या घरच्या बारशाला भात घेऊन जायचं, त्याचं नाव लाल कागदावर लिहून दारात टांगायचं, हे कुणाच्या हातून होईना. भीड आडवी आली. त्यातून माणूस वयाने मोठा असेल तर विचारायलाच नको. मग चूक सापडली की काय करायचं? उठायचं, चुकीची बाटली पदराआड घेऊन मांडणीपाशी जायचं, बरोबर बाटली आणायची, खोकं बंद करायचं. सहाही टेबलांवर पहिल्या आठवड्यापासून हेच सुरू झालं, आणि शेजारच्या टेबलावर काय चाललंय हे प्रत्येकीला दिसत होतं.

तीन नंबरच्या टेबलापासून चौदा नंबरच्या मांडणीपर्यंत बावन्न पावलं. जाऊन येऊन एकशे चार.

पहिल्या महिन्याच्या शेवटी फळा कोरा होता. दुसऱ्याही. सोलोहून चौकटीत बसवलेलं प्रशस्तिपत्र आलं, त्यावर सोनेरी अक्षरांत 'शून्य चूक', आणि प्रत्येकाला मोगऱ्याच्या चहाचं एकेक पाकीट. चौकट फळ्याच्या वर लावली. चूक होतच नाही म्हटल्यावर वेग वाढवायला काय हरकत, असा विचार तिथे झाला असणार. तासाला नव्वद ओळींचं माप होतं, ते एकशे पाच झालं. दोन महिन्यांनी एकशे वीस.

एकशे वीस म्हणजे एका ओळीला तीस सेकंद, त्यात चालणंही आलं. स्कॅनर लावायचा तो मांडणीवरच्या पट्टीला, बाटलीला नाही. पट्टीला लावला, हात शेजारच्या खणात गेला, तरी स्कॅनर खुशीत टिंग करतो. चौदा नंबरवर गोड सरबत आणि कडू काढा शेजारी शेजारी आहेत. आधी एकाचं झाकण हिरवं होतं. नंतर स्वस्त पडतात म्हणून दोघांचीही पिवळी झाली.

पोनिराच्या फेऱ्या वाढत गेल्या. रोज दोन-तीन होत्या त्या आठ-दहा झाल्या, मग अठरा-वीस. चौदा नंबरवर बहुतेक वेळा सामिजो असे. तिला तासाला चाळीस खोकी तपासायची होती. ती अडतीसवर आली, मग छत्तीसवर. दोन नंबरच्या टेबलावरची रुसमी तिला 'म्बाक', म्हणजे ताई, म्हणते. ती म्हणाली, "म्बाक पोन, तुम्ही चेकर कसल्या, पोस्टमन आहात. सायकल तरी मागून घ्या ऑफिसकडून."

"तू नाही जात?"

"जाते की. पण माझी माणसं तरुण आहेत, मी त्यांना डोळ्यांनी शिव्या देते. तुमचं गिऱ्हाईक पडलं आदरणीय."

"हळू बोल."

"हळूच बोलतेय. त्यांना ऐकू गेलं असतं तर बरं झालं असतं एकवेळ."

सलग तीन महिने मापाखाली राहिलं की टेबल जातं आणि माणूस धुण्याच्या शेडमध्ये जातो, असं नियमात लिहिलं होतं. पोनिराला दोन पत्रं आली होती. तिसरा महिना चालू होता. शेडमध्ये आलं, कचोरा, हळदीचे गड्डे पाण्याच्या फवाऱ्याखाली धुतात. पगार पाव हिश्शाने कमी. पण ती घाबरली होती ते पंपांना. शेडमध्ये तीन पंप दिवसभर चालतात. तिथे दहा वर्षं काढलेल्या बायका घरीही ओरडून बोलतात. खोकं हातात घेऊन डोळे मिटायचे आणि आत काय आहे ते ऐकायचं, यापलीकडे पोनिराला आयुष्यात दुसरं काही फारसं छान करता येत नाही असं तिचं स्वतःबद्दल मत आहे. तेवढं जाणार होतं.

त्या दिवसांत तिला दुपारी एक भास होऊ लागला. खोकं कलवलं की आतली बाटली ऐकू येण्याआधी ती जिथे जाणार ते घर दिसे. पाचितानजवळचं एखादं दुकान, समुद्राच्या वाऱ्याने उडणारा पडदा, कात्रीने चिकटपट्टी कापणारी बाई. बाई खोकं उघडे आणि आतून चौदा नंबरची मांडणी निघे. पोनिरा दचकून डोळे उघडी. समोर दहा खोकी साचलेली असत.

अशाच एका दुपारी एक खोकं तिच्या हातून सुटलं. बारा बाटल्या गोड सरबत पावतीवर, आत बाराही कडू. एक चुकली असती तर ऐकू आली असती. बाराच्या बारा एकसारख्या उसळल्या आणि थकलेल्या कानाला ते बरोबर वाटलं. पाचितानच्या दुकानदाराने लेबल न बघता भूक न लागणाऱ्या सात मुलांच्या आयांना त्या विकल्या. मुलांना काही झालं नाही. त्यांनी भिंतीवर थुंकलं. दुकानदाराने फोन केला.

गोदामाचा मॅनेजर अरिबोवो बत्तीस वर्षांचा, स्वभावाने मऊ, मोठ्या बायकांना 'बू', म्हणजे बाई, म्हणणारा. त्याने पोनिराला आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. मग पाच मिनिटं पावसापाण्याबद्दल बोलला.

"बू पोन," तो शेवटी म्हणाला, "आठ महिन्यांत एकही चूक नाही, आणि मग एकदम बारा बाटल्या. मला कळत नाही कसं झालं."

"चूक माझी आहे, पाक."

"तुमची म्हणजे, काढला कुणी माल?"

"तपासला मी."

"ते खरं. पण काढणाऱ्याची चिठ्ठी..."

"चुकून राहिली."

अरिबोवोने चहात साखर ढवळली. ती आधीच विरघळलेली होती. "महिन्याचे तेरा दिवस उरलेत," तो म्हणाला. "तुमची सरासरी सदतीसच्या खाली आहे. मला पत्र काढायला आवडत नाही. पण काढावं लागेल." तो मनापासून बोलत होता, आणि पोनिराला त्याचंच वाईट वाटलं.

रविवारी ती गावच्या मैदानावर होला पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धेला गेली. दर स्पर्धेला ती तिथे पेचेलभात, म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या आणि भात, विकते, सागाच्या पानात बांधून. मैदानात पन्नासेक उंच बांबू रोवलेले, प्रत्येकाला कप्पी, आणि कप्पीवरून वर चढवलेला पिंजरा. सकाळच्या उन्हात पन्नास पिंजरे आभाळात टांगलेले असतात आणि खाली माणसं माना वर करून उभी असतात. होला गातो तो त्याच्या मनात आलं की. तोवर कुणी बोलत नाही.

सामिजो या स्पर्धांचा पंच आहे. गोदामात ढकलगाडीमागे धावणारा माणूस तो हाच, हे तिथे खरं वाटत नाही. डोक्याला बाटिकचा रुमाल, हातात रंगीत झेंड्यांचा जुडगा. तो बांबूंमधून सावकाश चालतो, एखाद्याखाली थांबतो, डोळे मिटतो. आवाजाची सुरुवात, मधला ठेका आणि शेवट, तिन्ही नीट आली तर बांबूला झेंडा लावतो; जितका आवाज चांगला तितके झेंड्यात रंग जास्त. नाही तर पुढे जातो.

सतरा नंबरच्या बांबूवरचा होला सकाळपासून थांबत नव्हता. मालक वागिमान, सामिजोचा व्याही, छाती काढून उभा होता. सामिजो तिथे आला, बराच वेळ डोळे मिटून थांबला आणि झेंडा न लावता निघाला.

"अहो व्याही!" वागिमानला राहवलं नाही. "पंचवीस वेळा आवाज दिला त्यानं. मी मोजलेत."

"दिला."

"शेजारचा चार वेळा बोलला, त्याला दोन रंगांचा झेंडा?"

"चारही वेळा पूर्ण बोलला. तुमचा घाईत आहे. शेवट गिळतो."

"लोकांसमोर असं?"

"लोकांसमोर कुठे? मी बांबूला सांगितलं. कुणाचा पिंजरा आहे ते मी वर बघतच नाही."

वागिमान पुटपुटला. दहा वाजता दोघं पोनिराकडे शेजारी बसून पेचेल खात होते आणि वागिमान आपल्या पानातला टेंपेचा, आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचा, तुकडा सामिजोच्या पानात टाकत होता. "पुढच्या वेळी त्याला सावकाश बोलायला शिकवतो," तो म्हणाला. "तुमच्याकडे पाठवू का शिकवणीला?"

पोनिरा पानं बांधत होती. तिचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

सोमवारी पहिली चूक साडेआठला आली. चौदा नंबर, गोडाच्या जागी एक कडू. तिचे पाय उठायला निघाले होते, तिने ते खुर्चीच्या दांडीला अडकवले. खणातून लाल चिठ्ठी काढली. माल काय, किती, वेळ. नावाच्या जागी तिने लिहिलं, मांडणी क्रमांक चौदा. खोकं परतीच्या पट्ट्यावर ठेवलं आणि पुढचं उचललं. रुसमी बघत होती. तिची चिकटपट्टी हवेत तशीच राहिली.

दहापर्यंत पाच चिठ्ठ्या झाल्या. साडेदहाला सामिजो परत आलेलं खोकं हातात घेऊन टेबलासमोर उभा राहिला.

"न्दुक, ही तू लिहिलीस?"

"हो, पाक."

"नावाची जागा नीट भरलेली नाही."

"मांडणीचा नंबर टाकलाय."

"चौदा नंबरला आज कोण आहे?"

तिने पुढचं खोकं ओढून घेतलं.

"मी काहीतरी विचारलं."

"तुम्ही."

"मग एवढा वळसा कशाला? पेन दे."

त्याने पाचही चिठ्ठ्यांवर आपलं नाव लिहिलं, शाळेत गिरवल्यासारख्या अक्षरात. मग पेन परत न देता विचारलं, "किती दिवस चाललंय?"

"काय?"

"तू उठून जातेस ते. मला वाटायचं तुझे गुडघे धरलेत, मोकळे करायला चालतेस."

"आठ महिने."

"रोज किती?"

"आधी दोन-तीन. आता अठरा, वीस. सगळ्या तुमच्या नाहीत."

"बऱ्याचशा माझ्या."

"हो."

सामिजोने पेन टेबलावर ठेवलं. "एकशे बावीसचा वेग आणि शून्य चूक," तो म्हणाला. "छप्पन्नाव्या वर्षी. घरी सगळ्यांना सांगितलं मी. वागिमानला तर दोनदा सांगितलं." मग म्हणाला, "तू मला खोटा झेंडा लावलास, न्दुक. आठ महिने."

तो खोकं घेऊन चौदा नंबरकडे निघाला. बावन्न पावलं तो चालत असताना ती ऐकत होती. त्याची चाल तिच्यापेक्षा सावकाश होती.

जेवणानंतर रुसमीने पहिली चिठ्ठी लिहिली, पाच नंबरच्या टेबलाने दुसरी. नावांच्या जागी सगळ्यांनी मांडणीचे नंबर टाकले. ज्यांचे होते त्यांनी येऊन नावं लिहिली, काहींनी शिव्या देत, एकाने शेजाऱ्याचं नाव लिहून पाहिलं आणि पकडला गेला. संध्याकाळी फळ्यावर एकतीस लाल चिठ्ठ्या होत्या. 'शून्य चूक'ची चौकट त्यांच्या वर तशीच लटकत होती.

अरिबोवो तिथे बराच वेळ उभा राहिला. "बू पोन, एका दिवसात एकतीस?"

"एका दिवसात नाही, पाक. रोजच्या एवढ्याच. आज लिहिल्या."

त्याने चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या, या वेळी नावं सोडून नंबर. एकतीसमधल्या बावीस चौदा नंबरच्या, आणि त्यातल्या सोळा दोन ते चारच्या दरम्यानच्या. तो चालत चौदा नंबरला गेला, दोन पिवळ्या झाकणांच्या बाटल्या उचलून दोन हातांत धरल्या आणि कुठली कुठली ते लेबल वाचूनच त्याला कळलं.

सोलोच्या ऑफिसने फोन करून विचारलं की चांगल्या गोदामाला अचानक झालं काय. तो म्हणाला, "गोदाम तेच आहे. आता लिहायला लागलेत." दोन आठवड्यांनी उत्तर आलं. माप एकशे पाचवर आणलं. दुपारी पंधरा मिनिटांची सुट्टी दिली. चुकलेली ओळ मोजायची नाही, आणि तिच्याबरोबर आणखी दहा ओळी वजा. झाकणांच्या रंगाबद्दल विचार चालू आहे असं लिहिलं होतं. तो अजून चालू आहे. सामिजोने वाट न बघता कडू बाटल्यांच्या गळ्यात रबर अडकवायला सुरुवात केली. त्या महिन्याचा त्याचा सगळा इन्सेंटिव्ह गेला. पुढच्या महिन्यात त्याने मांडण्या भरण्याचं काम मागितलं, त्याला वेगाचं माप नाही. वागिमानला त्याने स्वतः जाऊन सांगितलं. वागिमान हसला नाही, हे सामिजोला जास्त लागलं.

पोनिराला कुणी पत्र पाठवलं नाही. त्या सोमवारपासून ती खुर्चीवरून उठली नाही, आणि न उठणाऱ्या बाईच्या हातून तासाला पंचेचाळीस, सेहेचाळीस खोकी सहज होतात असं दिसलं. महिना संपला तेव्हा सरासरी चाळीस पूर्णांक दोन होती. तीन नंबरचं टेबल तिच्याकडे राहिलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती घरच्या ओसरीवर चटईवर आडवी होते. तिची मुलगी सांगते की झोपेत आईचे पाय हलतात, एकामागून एक, चालल्यासारखे. पोनिराला ते माहीत आहे. स्वप्नात गोदाम असतं, उजेड असतो, आणि ती हातात बाटली घेऊन चौदा नंबरकडे निघालेली असते, पावलं मोजत. पूर्वी बावन्न पूर्ण व्हायची. हल्ली तिसाव्याच्या आसपास ती थांबते.

"मग?" मुलीने विचारलं.

"मग बाटली कानाशी धरते."

"आणि?"

"सरकते," पोनिरा म्हणाली. "बरोबर असते."